अर्धवट बांधलेलं विमानाचं किट घ्यावं का?

मोजपट्टी
एक अर्धवट बांधलेलं किट समोर आलंय आणि काही ठरवता येत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

विमान दोन सीटचं, शेजारी-शेजारी बसायचं, सगळं ॲल्युमिनियमचं, रिव्हेट मारून जोडायचं. भोकं कारखान्यातूनच पाडून आलेली आहेत. आधीच्या गृहस्थांनी शेपटी पूर्ण केली आहे. डावा पंख बंद झालाय, उजव्याची खालची स्किन (बाहेरचा पत्रा) लागायची आहे. दोन्ही इंधनटाक्या सील करून पंखांवर बसवलेल्या. धडाचा मधला भाग क्लेकोंवर उभा आहे. इंजिन, प्रॉपेलर, वायरिंग, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) यातलं काहीच नाही. काम थांबून दहाएक वर्षं झाली. वैद्यकीय तपासणीत त्यांचे डोळे बसेनात, आणि स्वतःला उडवता येणार नाही ते बांधत बसायची इच्छा राहिली नाही, असं ते म्हणतात. मला पटलं.

त्यांच्या मते साठ टक्के काम झालंय. मला रिव्हेटिंग येतं, एका मित्राच्या विमानावर हात बसलाय. प्रश्न असा की दुसऱ्याच्या कामावर विश्वास किती ठेवायचा, आणि ते तपासायचं कसं?

जुना खिळा
टक्के विसरा. या छंदातला जुना विनोद आहे: नव्वद टक्के झालं, आता फक्त नव्वद टक्के राहिलं. शेपटी आणि पंख झाले की वस्तू विमानासारखी दिसायला लागते आणि बघणारा फसतो. वेळ खातात ती कामं दिसायला क्षुल्लक असतात. कॅनोपीचं ॲक्रिलिक न तडकवता कापून चौकटीवर बसवणं, इंजिनावरचं फायबरग्लासचं काउलिंग जुळवणं, इंजिनाभोवतीचे थंड हवा वळवणारे बॅफल, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढे नळ्या आणि केबलींची गर्दी, पॅनल, वायरिंग. तुमच्या यादीत यातलं एकही झालेलं नाही.

आता मोलाचं बोलू. लोक हिशेब असा मांडतात: किटची किंमत, अधिक घातलेले तास. तासांचे पैसे देऊ नका. बंद झालेला डावा पंख उघड्या उजव्या पंखापेक्षा कमी मोलाचा आहे, जास्त नाही. उजव्यात डोकं घालून एकेक रिव्हेट बघता येईल. डाव्यात बोअरस्कोपला (बारीक नळीवरच्या कॅमेऱ्याला) दिसेल तेवढंच. जे बघता येत नाही त्याची किंमत शून्य धरायची. विकणाऱ्याला हे ऐकायला आवडत नाही, पण सज्जन माणूस असेल तर कळतं.

उडता गालिचा
मुळात प्रश्न चुकतोय असं मला वाटतं. उडायचं आहे की बांधायचं आहे? उडायचं असेल तर उडतं विमान घ्या. अर्धवट किट घेणाऱ्यांपैकी बरेच जण ते पुढे तिसऱ्याला अर्धवटच विकतात.

मोजपट्टी
@उडता गालिचा, बांधायचंच आहे. उडणं हे निमित्त म्हटलं तरी चालेल.

उडता गालिचा
मग बोलणंच खुंटलं. शुभेच्छा. :)

रिव्हेटवाली
खिळाकाकांशी सहमत. उजवा पंख हा तुमचा नमुना आहे. त्याच माणसाने, त्याच हत्यारांनी, बहुधा लागोपाठ दोन्ही पंख बांधले. उजव्यात जे सापडेल तेच डाव्यात आहे असं धरून चाला. फक्त एवढं बघा की आधी कुठला बांधला. पहिल्या पंखात हात शिकत असतो. डावा पहिला असेल तर तो उजव्यापेक्षा वाईट असण्याची शक्यता जास्त.

रिव्हेट बघताना आतलं चेपलेलं डोकं, म्हणजे शॉप हेड, हाच खरा पुरावा. रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट, उंची निम्मी. १/८ इंची रिव्हेटला रुंदी ३/१६ आणि उंची १/१६ इंच. यासाठी गो-नो-गो गेज मिळतात, ते घेऊनच जा. नजरेने मोजलेला रिव्हेट सगळ्यांना बरोबरच वाटतो. थोडं जास्त चेपलेलं खपतं, कमी चेपलेलं खपत नाही. एका बाजूला कललेलं, कडेला चिरलेलं, किंवा डोकं आणि पत्रा यांच्यात फीलर गेजचं पातं शिरतंय असं दिसलं तर नोंद करा. दोन पत्रे एकमेकांना चिकटलेले नसताना मारलेला रिव्हेट मधल्या फटीत फुगतो. तो बाहेरून ठीक दिसतो, म्हणून पत्र्यांची कड बाजूने बघायची.

बाहेरच्या डोक्यांवर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतील, गन घसरल्याच्या. नवखे त्या बघून घाबरतात. पत्रा कापला गेला नसेल तर तो प्रश्न बहुतेक वेळा रंगाचा असतो, ताकदीचा नाही.

मला भीती वाटते ती काढून पुन्हा मारलेल्या रिव्हेटांची. नुसता वाईट रिव्हेट एक वेळ परवडला. वाईट पद्धतीने ड्रिल करून काढलेला रिव्हेट मागे लांबुळकं भोक ठेवून जातो, आणि नवा रिव्हेट ते पूर्ण भरत नाही. ३/३२ च्या ओळीत मध्येच एक १/८ चा दिसला तर समजा तिथे काहीतरी घडलं होतं. स्किनवर असे दोन-चार असणारच, माझ्याही आहेत. मुख्य स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या) ओळीत एकामागे एक दिसले तर हात जोडून निघा.

शिवाय भिंग न्या, दहापट मोठं दाखवणारं. डिंपल (भोकाभोवती पत्रा दाबून केलेला खळगा) करण्याआधी भोकाची कड साफ केली नसेल तर डिंपलच्या काठावर बारीक चीर पडते आणि ती पुढे वाढते. ३/३२ च्या बसक्या रिव्हेटसाठी ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्रा काउंटरसिंक करायचा (म्हणजे धातू कापून खळगा पाडायचा) नसतो, तिथे डिंपलच हवा. कुणी पातळ पत्र्यावर काउंटरसिंक मारलं असेल तर भोक आतून सुरीसारख्या धारेचं होतं.

भोकाच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास अंतर हवं. रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांच्या) दुमडलेल्या कडांवर आणि स्पारच्या कोपऱ्यांत हे हमखास चुकलेलं सापडतं.

निव्वळ वाचक
अफाट माहिती. पण क्लेको म्हणजे काय हो?

शेपटी आधी
@निव्वळ वाचक, रिव्हेट मारेपर्यंत दोन पत्रे धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन. पकडीने दाबली की टोक बारीक होतं, भोकात घालून सोडली की टोक फाकून पत्रे आवळते. रंगावरून माप कळतं: रुपेरी ३/३२, तांब्याच्या रंगाची १/८, काळी ५/३२.

मोजपट्टी, तुमच्या धडात त्या दहा वर्षं आहेत हे मला खटकलं. ॲल्युमिनियमच्या भोकात पोलादी पिन आणि जागा दमट असेल तर दोन धातूंमुळे गंज चढतो. चार-पाच काढून भोकाभोवती पांढरी पूड आहे का बघा.

चिकटपट्टी
पांढऱ्या पुडीवरून आठवलं. पत्र्यांवर कारखान्याची निळी प्लास्टिक फिल्म अजून आहे का? ओरखडे पडू नयेत म्हणून लोक ती वर्षानुवर्षं ठेवतात आणि तिच्याच खाली ओल अडकून गंज धरतो. फिल्म असेल तर विकत घेण्याआधी, मालकाच्या परवानगीने, सोलून बघायची.

आणि प्रायमर कुठला मारलाय, मारलाय का?

जुना खिळा
झालं. आता हा धागा दोनशे प्रतिसाद गाठणार.

चिकटपट्टी
नाही काका, वाद घालत नाही. :) पत्रा आल्क्लॅड २०२४-टी३ असेल तर त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतोच, तो बराच काळ सांभाळतो. पण वळवलेल्या रिबा, कापलेल्या कडा, जिथे दोन भाग एकमेकांवर बसतात त्या जागा, तिथे प्रायमर असला तर झोप चांगली लागते. नसेल तर किट टाकून द्यावं असं नाही.

माझा खरा विषय टाक्या. त्या पॉलिसल्फाइडच्या दोन भागांच्या सीलंटने सील करतात. दोन्ही भाग वजनाने मोजून घ्यायचे, अंदाजाने नाही. डब्याला मुदत असते. मुदत संपलेल्या डब्यातलं किंवा प्रमाण चुकलेलं सीलंट वाळल्यासारखं दिसतं पण आत चिकट राहतं, किंवा पत्र्याला धरत नाही. टाकीत बोअरस्कोप घालून रिबांच्या कडेने गोल उतरती पट्टी अखंड दिसते का बघा. नखाने सोलता येईल अशी सुटलेली कड दिसली तर ती टाकी गेली. कारण गळती एक वेळ दिसते तरी, पण सुटलेला तुकडा इंधनाच्या जाळीत जाऊन बसला तर इंजिन बंद पडेपर्यंत कळत नाही.

हवेची चाचणी घ्या. सगळी तोंडं बंद करायची, एकावर फुगा बांधायचा, सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरायची आणि रिव्हेटांवर साबणाचं पाणी फिरवायचं. कॉम्प्रेसर लावायचा नाही, कधीच नाही. टाकी मोठी असते. १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड दाब) म्हणजे नगण्य वाटतो, पण पूर्ण स्किनवर मिळून तो जोर शेकडो किलोंचा होतो आणि टाकी फुगून बसते. मी फुग्यापेक्षा पाण्याची नळी वापरते. यू आकाराची पारदर्शक नळी, दोन्ही बाजूंच्या पाण्यात २७ इंचांचा फरक म्हणजे जवळपास १ पीएसआय. रात्रभर ठेवायची. गारव्याने पाणी खाली-वर होतं, त्याला गळती समजू नका. सकाळी त्याच तापमानाला परत बघा.

घासलेट
टाक्यांवरून पुढे जातो, कारण इंधनाचा विषय निघालाय.

सगळे रिव्हेट तपासायला सांगताहेत, ते बरोबरच आहे. पण दुसऱ्याच्या विमानात रिव्हेटांपेक्षा त्याचे निर्णय जास्त घातक असतात. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला लाँग-ईझी विमानात गेला. ते त्याने बांधलेलं नव्हतं, वापरलेलं घेतलं होतं. त्या विमानाचा डिझायनर बर्ट रुटानच्या नकाशात इंधनाचा सिलेक्टर पुढे, पायलटच्या हाताशी होता. बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे, मागच्या भिंतीवर बसवला. हेतू वाईट नव्हता, इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत एवढाच. पण टाकी बदलायची तर अंग वळवून मागे हात घालायला लागायचा. अमेरिकेच्या एनटीएसबीच्या (अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तपासात याच जागेवर बोट ठेवलं गेलं.

रिव्हेट सुबक असतील. नकाशापासून हा माणूस कुठे-कुठे दूर गेला, ते विचारा. समोर नकाशे घेऊन बसा आणि भाग जुळवा. ‘सुधारणा’ हा शब्द कानावर पडला की पेन काढा.

मोजपट्टी
@घासलेट, हे डोक्यातच आलं नव्हतं. ते बोलताना दोनदा म्हणाले की मूळ डिझाइनपेक्षा मजबूत केलंय.

घासलेट
मजबूत म्हणजे जड. आणि जोर एका जागी मजबूत केला की शेजारच्या जागी जातो. कुठे मजबूत केलंय ते बघून इथे लिहा.

शेपटी आधी
कागदपत्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी आधी तेच मागेन.

नोंदणी जिथे करणार तिथला नियम पहिल्यांदा वाचा, कारण देशागणिक तो वेगळा. अमेरिकेत एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा) जो ‘५१ टक्के’ म्हणून ओळखला जातो तो नियम म्हणतो की विमानाचा मोठा भाग अशा व्यक्तींनी बांधलेला हवा, ज्यांनी तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधला. इथे ‘व्यक्तींनी’ हे अनेकवचन तुमच्या कामाचं. आधीच्या हौशी माणसाचं कामही हौशी कामातच मोजलं जातं, एकट्याने ५१ टक्के करायची अट नाही. मात्र पैसे देऊन कारागिराकडून करून घेतलेलं काम यात धरत नाहीत. त्यामुळे आधीच्या बांधणाऱ्याने कुणाला पैसे देऊन पंख बांधून घेतले असतील तर हिशेब बदलतो. ते सरळ विचारा.

ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे इन्स्पेक्टर टप्प्याटप्प्याने काम बघून सही करतात. तिथे बंद पंखाची सही नसेल तर तो उघडावा लागू शकतो.

लॉगमध्ये तारखा, फोटो, आणि फोटोत काम करणारा माणूस दिसायला हवा. सामानाच्या पावत्या, किटची पॅकिंग लिस्ट, किटच्या अनुक्रमांकाचं तुमच्या नावावर हस्तांतर, हेही. दहा वर्षांत उत्पादकाने काढलेली सर्व्हिस बुलेटिन काढून या किटला कुठली लागू आहेत ते बघा. अमेरिकेत रिपेअरमन सर्टिफिकेट एकाच माणसाला मिळतं, आणि वर्षाची तपासणी स्वतः करायची मुभा त्यावरच आहे. म्हणून आजपासून तुमचा स्वतंत्र लॉग सुरू करा, आधीच्या वहीत पुढे लिहू नका.

आणखी एक, या किटला लागू नाही, पण दुसरं कुणी वाचत असेल म्हणून. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतलं २०२२-२३ च्या सुमाराचं अर्धवट किट घेणार असाल तर त्यात लेझरने कापलेले भाग आहेत का बघा. काही भागांत डिंपल करताना भोकांना चिरा जात होत्या. कंपनीने बदली भाग दिले, पण तुमच्या हातात येणाऱ्या पंखात कुठले बसलेत हे लॉगवरूनच कळेल.

निव्वळ वाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली). इंजिन जुनं घेतलं तर चालतं का?

जुना खिळा
चालतं, पण ‘फक्त दोनशे तास उडालेलं, पंधरा वर्षं कपाटात’ या जाहिरातीला भुलायचं नाही. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो. इंजिन फिरत नसेल तर तेल निथळून जातं आणि कॅमवर गंज चढतो. सुरू केल्यावर तो गंज टॅपेट खात बसतो. लायकमिंग ओव्हरहॉलची मर्यादा तासांबरोबर १२ वर्षांचीही सांगते. सिलिंडर काढून कॅम बघायची तयारी नसेल तर ते ओव्हरहॉल करायचं इंजिन म्हणूनच भाव करा. मोजपट्टींच्या किटला इंजिन नाही, हा मला फायदाच वाटतो.

मोजपट्टी
बघून आलो. एका इन्स्पेक्टर मित्राला बरोबर नेलं होतं. जेवढं सापडलं तेवढं लिहितो.

उजव्या पंखाचे रिव्हेट चांगले आहेत. काही जास्त चेपलेले, कमी चेपलेला एकही हाती लागला नाही. मोठे रिव्हेट स्किनवर थोडे आहेत, स्पारवर नाहीत. लॉगवरून डावा पंख नंतर बांधलाय, म्हणजे ती काळजी कमी. बोअरस्कोपमध्येही तसंच काम दिसलं. निळी फिल्म धडाच्या बाजूच्या स्किनवर होती. सोलली तर एका पत्र्यावर धाग्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा. मित्र म्हणाला तो पत्रा बदल. क्लेकोंच्या भोवती पूड नाही.

‘मजबूत’ केलेली जागा सापडली. सीटच्या मागच्या बल्कहेडवर (धडातल्या आडव्या भिंतीवर) जाड पत्र्याचा एक थर वाढवलाय, नकाशात नाही. कारण विचारलं तर म्हणाले, हात लावल्यावर पातळ वाटला म्हणून.

टाक्यांची चाचणी त्यांनी करू दिली. डावी रात्रभर तशीच राहिली. उजवीला मागच्या बाफलच्या (टाकीच्या मागच्या भिंतीच्या) कोपऱ्यात बुडबुडे.

चांगली बातमी: पंख धडाला अजून लावलेच नाहीत, त्यामुळे मागच्या स्पारचं भोक पाडलेलं नाही.

रिव्हेटवाली
मागच्या स्पारचं भोक नाही ही खरोखर चांगली बातमी. बऱ्याच किटांत एवढं एकच भोक बांधणाऱ्यावर सोडलेलं असतं, पंखाचा कोन आणि मागे-पुढे जुळवून झाल्यावर पाडायचं. ५/१६ चा बोल्ट असेल तर भोकाच्या केंद्रापासून सगळ्या बाजूंनी ५/८ इंच राहिलं पाहिजे. तिथे चुकलेलं किट मी फुकटसुद्धा घेणार नाही. तुम्ही पाडाल तेव्हा आधी सगळी मापं कागदावर काढा आणि दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. ओळंबा, लेव्हल, शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंची अंतरं. घाईचा दिवस सोडून.

बल्कहेडचा वाढीव थर काढा. रिव्हेट नीट ड्रिल करून काढता आले आणि भोकं गोल राहिली तर उत्तम, नाहीतर बल्कहेडच नवं मागवा. तो भाग स्वस्तातला आणि उघडा आहे.

चिकटपट्टी
मागच्या बाफलचा कोपरा हे गळतीचं पेटंट ठिकाण आहे. बाहेरून सीलंट थापून थांबवायचा मोह आवरा, ते टिकत नाही. टाकी पंखावरून उतरवा, मागून भोक पाडून आतून सीलंट लावा आणि त्यावर झाकणाचा पत्रा सीलंटमध्ये बुडवून रिव्हेट करा. भोक कुठे आणि केवढं पाडायचं ते उत्पादकाला विचारून. पाडल्यावर आतला सगळा कीस बाहेर काढणं हे सीलंट लावण्याएवढंच महत्त्वाचं. डावीही उतरवून आतून नीट बघा, एवढं कराच.

घासलेट
हात लावल्यावर पातळ वाटला! डिझायनरने गणित केलं, यांनी अंगठा दाबून बघितला. असो, माणूस प्रामाणिक आहे, विचारल्यावर सांगितलं तरी.

इन्स्पेक्टर मित्र आहेच, तर पहिल्या उड्डाणाचं आत्ताच ठरवा असं सुचवतो. हास्यास्पद वाटेल, वर्षं आहेत अजून. पण एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला, त्यात अपघातांची मोठी कारणं दोनच निघाली: इंजिन किंवा इंधनपुरवठा दगा देणं, आणि हवेत ताबा सुटणं. पहिल्याचं बीज तुम्ही फायरवॉलच्या पुढे काय करता त्यात आहे. दुसऱ्यासाठी बांधता-बांधता उडत राहा. बांधण्याच्या नादात उडण्याचा सराव सुटलेले आणि मग स्वतःच्याच नव्या विमानात पहिल्यांदा बसलेले लोक मी पाहिलेत. अमेरिकेत चाचणीचा टप्पा प्रमाणित इंजिन आणि प्रॉपेलरच्या जोडीला २५ तास, नाहीतर ४० तास असा असतो. आता तासांऐवजी ठरलेल्या कामांच्या यादीचा पर्यायही आहे. ती यादी आत्ता वाचून ठेवा, बांधताना हवेचा वेग आणि इंधनाचा प्रवाह मोजायची सोय कुठे हवी ते कळेल.

मोजपट्टी
घेतलं. डावा पंख आणि उजवी टाकी शून्य धरून भाव सांगितला, खिळाकाकांची पद्धत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग हो म्हणाले. वर सगळी हत्यारं दिली, त्यांचा टंगस्टनचा बकिंग बार (रिव्हेट मारताना मागे धरायचा जड ठोकळा) सुद्धा.

आता पंख हलवायचेत. आडवे ठेवू की उभे?

जुना खिळा
उभे, पुढची कड खाली. लाकडी चौकटीत, प्रत्येक पंखाखाली पुढच्या कडेच्या आकाराचे दोन आधार, नेमके रिबांच्या खाली. रिबांच्या मध्ये आधार आला की स्किन दबते. आधारांवर जुन्या गालिच्याच्या पट्ट्या. दोन्ही पंख एकाच चौकटीत, उलट-सुलट. मुळाकडचा स्पार चौकटीला आवळून बांधा, टोकाकडे फक्त टेकू. उजव्याची खालची स्किन लागलेली नाही, त्यामुळे तो पिळू शकतो. प्रवासापुरती ती स्किन क्लेकोंवर लावूनच हलवा, दर तिसऱ्या भोकात एक.

मोजपट्टी
एवढे क्लेको धडात अडकलेत. तिथले काढू?

जुना खिळा
नको, धड वाकडं होईल. माझे पाठवतो.